बस्ता आटोपला, आता खायचं कुठं? गल्लीत की हॉलमध्ये

गडहिंग्लजहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या धाकट्याचं लग्न ठरलंय आणि बस्ता बेळगावलाच बांधायचा आहे. मंडळी अकरा. शालू कुठल्या दुकानात घ्यायचा, खडेबाजारातच बघायचं की पूल ओलांडून शहापूरलाही जायचं, हे घरातल्या बायकांनी महिनाभर आधीच ठरवून ठेवलंय. त्यात ह्याला कोण विचारतंय? ह्याच्या वाट्याला दोनच कामं आली, गाडी ठरवणं आणि संध्याकाळचं खाणं. "दादा, सहा-सात वाजतील बघ. मग मंडळींना नेऊ कुठं? गल्लीत की त्या नव्या हॉलमध्ये?"

फोनवर मी म्हटलं, सांगतो. आणि मग बसून विचार करायला लागलो, कारण मी स्वतः या दोन्ही ठिकाणी गेली काही वर्षं आलटून पालटून खातोय आणि हल्ली माझे पाय एकाच बाजूला वळतात, हे माझ्याही जरा उशिरा लक्षात आलंय.

गल्ली म्हणजे काय ते बेळगावकरांना सांगायला नको. खडेबाजारातून बाहेर पडलं की गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, जिकडं वास येईल तिकडं निघायचं. एका गाडीवर भजी, पुढच्या कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट, मग कुणाला डोसा हवा असतो, आणि शेवटी चहा नाहीतर उसाचा रस. हॉल म्हणजे एका छपराखाली पंधरा-वीस गाळे, प्रत्येक गाळा वेगळ्या माणसाचा, मध्ये टेबलं-खुर्च्या. अशा दोन-तीन जागा मी पाहिल्यात. एकीचंही नाव घेत नाही, कारण पुढं ज्या कुरबुरी सांगणार आहे त्या थोड्याफार फरकानं सगळीकडं त्याच आहेत.

चवीचं आधी उरकून टाकतो, तिथं वाद नाही. चवीला गल्ली पुढं आहे.

गंमत अशी की माणसं तीच आहेत. हॉलमधल्या निम्म्या गाळ्यांवर गल्लीतल्याच गाडीवाल्यांचे भाचे-पुतणे उभे असतात. पीठ तेच, मिरची तीच, मसाला घरून वाटून आणलेला. फरक पडतो तो कढई आणि तोंड यांच्यामधल्या अंतरामुळं. आमच्याकडची मिरची भजी म्हणजे लांब हिरवी मिरची, तिला पोटात चीर देऊन आत चिंच-मीठ-ओव्याचं बोट फिरवलेलं आणि वर बेसनाचा जाड अंगरखा. कढईतून झाऱ्यावर, झाऱ्यावरून कागदावर, कागदावरून हातात. मी घड्याळ लावलेलं नाही, पण बोटं भाजतात एवढं मोजमाप मला पुरतं. हॉलमध्ये तीच भजी तळून निघते, मग ताटलीत बसते, मग ताटली ट्रेमध्ये बसते, मग तुमचा नंबर पाटीवर चमकतो, मग तुम्ही उठता, दोन टेबलं आणि एका बाबागाडीला वळसा घालून पोचता. तोवर अंगरख्याला घाम फुटलेला असतो.

गिरमिटाचं तर आयुष्यच चार मिनिटांचं. चुरमुऱ्यांवर कांदा-टोमॅटो-चिंचेचा गोज्जू पडला की उलटी गणती सुरू. वरून डाळ्याचं पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, आणि उभ्या उभ्या चमचा मारायचा. गाडीवाला कालवत असतानाच आपण हात पुढं केलेला असतो. हॉलमध्ये एकदा माझ्या गिरमिटाचा नंबर लागला तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर ते चुरमुऱ्यांचं उप्पीट झालं होतं. वाईट नव्हतं, पण ते गिरमिट नव्हतं.

तिखटाचंही तसंच. गाडीवर माणूस तोंडाकडं बघून विचारतो, "तिखट घालू काय वो, की बेतानं?" माझ्याकडं बघून तर विचारतही नाही. हॉलमध्ये गल्ल्यावरचा पोरगा पडद्याकडं बघून विचारतो, "स्पायसी की मीडियम?" मीडियम म्हणजे कुणाचं मीडियम? गडहिंग्लजच्या माणसाचं मीडियम आणि पणजीहून आलेल्या माणसाचं मीडियम यांच्यामध्ये संकेश्वरी मिरचीचं अख्खं शेत बसतं. पोराचा दोष नाही. तो पगारी आहे, मालक दुसऱ्या गाळ्यावर, आणि पडद्यावर बटणं दोनच.

तेव्हा फक्त जिभेला विचारलं तर निकाल लागलेलाच आहे. पण अकरा माणसं नुसती जिभेवर चालत येत नाहीत.

स्वच्छतेचा मुद्दा सगळे पहिल्यांदा काढतात, मी मुद्दाम मागं ठेवला, कारण त्यात वाटतो तेवढा फरक मला दिसलेला नाही. हॉलमध्ये प्रत्येक गाळ्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर चिकटवलेला असतो, पोरांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या असतात. बरं दिसतं. गाडीवर भजी वर्तमानपत्रात बांधून देतात, आणि छापील कागदाची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते म्हणून तसं बांधू नका असं अन्नसुरक्षावाले किती वर्षं कानीकपाळी ओरडतायत. मान्य. पण तेलाचं बघा. २०१८ च्या जुलैपासून नियम आहे की तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात वाढत जाणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचं. ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही, तुमच्याकडंही नसणार. माझं यंत्र म्हणजे डोळे. तेलावर साबणासारखा फेस धरला, भजी पडायच्या आधीच धूर यायला लागला, की मी पुढच्या गाडीकडं सरकतो. गल्लीत कढई समोरच असते, त्यामुळं हे बघता येतं. हॉलमध्ये कढई काचेमागं, नाहीतर पार्टिशनपलीकडं. तिथलं तेल वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. मला ते दिसत नाही, एवढंच.

आता हॉलची बाजू. एक गोष्ट हॉलमध्ये अशी मिळते की जी गल्लीत मिळूच शकत नाही: भाकरी. गल्लीत भाकरी खायची म्हटली तर बसायचं कुठं? त्यासाठी खानावळ गाठावी लागते, आणि खानावळीत मग प्रत्येकाला पूर्ण ताटच घ्यावं लागतं. मी जातो त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात तीन बायकांचा गाळा आहे. एक पीठ मळते, एक थापते, एक तव्यावर. ज्वारीची गरम भाकरी हवी तर गरम, कडक हवी तर कडक, तीही दुमडायला गेलात तर मोडेल इतकी कडक. सोबत वांग्याचं एण्णेगाई, शेंगदाणा-तीळ-कारळाच्या वाटणानं भरलेलं. बाजूला शेंगाचटणी आणि वाटीभर दही. भाकरी हे टोकन पद्धतीला पुरून उरणारं अन्न आहे. दोन मिनिटं उशीर झाला तर तिचं काही बिघडत नाही. लोणी डोशाचंही थोडंफार तसंच, आणि डोसा तर हॉलमध्येच मला जास्त बरा वाटतो, कारण तवा मोठा आणि सारखा तापलेला असतो.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कसा असतो ते खानापूरकडच्या लोकांना सांगायला नको, त्यांच्याकडं तर त्याहून जास्त. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात साड्यांची पिशवी, तिसरा हात देवानं दिलेला नाही. गल्लीत खायचं तर पिशवी काखेत, छत्री मानेत आणि भजी तोंडात. हे कॉलेजात असताना मजेचं होतं.

पैशाचं लांबवत नाही. माझ्या अनुभवानं गल्लीत जेवढ्यात तिघांचं भागतं तेवढ्यात हॉलमध्ये दोघांचं. ताटली लहान असते आणि बिलावर पाच टक्के जीएसटी लागलेला असतो, गाडीवर बिलच नसतं. गाळ्याचं भाडं कुठून तरी निघायला हवं हे समजतं. त्याहून मला खटकतं ते दुसरंच. गेल्या वर्षी एका गाळ्यावर सुरेख आप्पे मिळायचे, आठवड्यातून एकदा तरी मी जायचो. दिवाळीनंतर गेलो तर तिथं मोमो. भाडं झेपलं नाही म्हणे. त्यानंतर अजून एक गाळा बदलला, तिथंही मोमो. गाडीवाला सहसा असा एका रात्रीत नाहीसा होत नाही. झाला तर शेजारचा सांगतो कुठं गेला, कधी येणार आणि बायकोचं ऑपरेशन कसं झालं.

आणि टोकन. हॉलचं सगळ्यात चिडवणारं काही असेल तर ते हेच, म्हणून याला जरा वेळ देतो. आधी एका खिडकीवर कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, मग प्रत्येक गाळ्यावर ते टेकवायचं. उरलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी वेगळी रांग, म्हणून माझ्या पाकिटात पस्तीस रुपयांचं एक कार्ड चार महिने पडून आहे. ते सोडा. खरी कटकट पुढची आहे. सहा जण गेलात तर सहा जणांना चार गाळ्यांवरचं हवं असतं, आणि चार गाळ्यांचे नंबर चार वेगळ्या वेळी लागतात. पोराचा डोसा पहिल्यांदा येतो, तो खाऊन संपवतो, मग बायकोचं येतं, मग तिचं गार होईल म्हणून ती सुरू करते, आणि माझा नंबर लागतो तेव्हा पोरगं "चला की घरी" म्हणत असतं. एकत्र खायला म्हणून गेलो आणि पाळीपाळीनं खाऊन आलो, असं माझं दोनदा झालंय.

वर ते नंबर पुकारणं. गेल्या उन्हाळ्यात मावशी आली होती, म्हणजे या फोन करणाऱ्या भावाची आईच. तिच्या हातात चिठ्ठी देऊन म्हटलं, मावशे, सत्तेचाळीस म्हणाले की सांग. कर्ण्यावरून कन्नडमध्ये "नलवत्तेळु" असं पुकारलं. मी गाळ्यांच्या पलीकडं होतो. मावशी शांत. पुन्हा "नलवत्तेळु". मावशी बायकोला म्हणते, "अगो, हे मघापासनं नळावर तेल, नळावर तेल काय म्हणतायत?" तो किस्सा आता आमच्या घरात कायमचा झालाय, स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की कुणी तरी म्हणतंच. पण त्या दिवशी तिची भाकरी गार झाली. इथं राहणाऱ्या आम्हाला पन्नासपर्यंतचे कन्नड आकडे पाठ असतात, बाजारानंच शिकवलेले. हद्दीपलीकडून येणाऱ्या पाहुण्यांना चिठ्ठी देऊन बसवू नका, एवढं या किस्स्यातून घ्या. पाटीवर आकडा इंग्रजीतही चमकतो, पण पाटीकडं तोंड करून बसायला जागा मिळायला हवी.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की माणूस गल्लीच्या बाजूचा आहे. मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. बहिणीकडं बारसं होतं, त्याची खरेदी. मी, बायको आणि आई. आईचं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात पण बाजार म्हटलं की चालते. सकाळी अकराला बाहेर पडलो. सोनाराकडं दीड तास, मग कपडे, मग पाळण्याचं सामान, संध्याकाळचे सहा वाजले. मी नेहमीसारखा दोघींना घेऊन गल्लीत शिरलो. भजी घेतली. आईनं एक उचलली, टोकाचा घास घेतला आणि उरलेली माझ्या कागदावर ठेवली. "तिखट आहे बाबा." संकेश्वरी मिरचीचा ठेचा भाकरीवर घेऊन खाणारी बाई, तिला भजी तिखट! गिरमिट नको म्हणाली. ठीक आहे, दात. मग चहाच्या गाडीपाशी आलो तर चहाही नको.

आईला चहा नको, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. अंगाला हात लावून बघितला, ताप नव्हता. दमली असेल म्हणून रिक्षा केली.

रात्री बायकोनं सांगितलं, "त्या सकाळपासून पाणी प्यालेल्या नाहीत."

"का?"

"का म्हणजे? मी तरी कुठं प्याले. बाजाराला जायचं असलं की कोण बाई पाणी पिते? मग जायचं कुठं?"

मी चव्वेचाळीस वर्षांचा. जन्म इथला, कॉलेज इथलं, गल्लीतल्या कुठल्या गाडीवर कुठल्या दिवशी ताजं तेल टाकतात ते सांगू शकतो. आणि माझ्याबरोबर वीस वर्षं बाजार हिंडणाऱ्या दोन बायका दर वेळी कोरड्या घशानं हिंडतायत, हे मला ठाऊक नव्हतं. आई भजी खात नव्हती, कारण तिखट खाल्लं की पाणी लागतं. चहा घेत नव्हती त्याचंही कारण तेच. ती माझ्या शेजारी उभी राहून नुसती कंपनी देत होती.

तिसऱ्या दिवशी तिला लघवीला जळजळ आणि थंडी-ताप. डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी एकच विचारलं, "आजी, पाणी किती पिता?" आई माझ्याकडं बघून गप्प बसली. आठवडाभर गोळ्या चालल्या.

बाजारात सोय अजिबातच नाही असं नाही. पण कुठं कुलूप असतं, कुठं आतून कडी नसते, कुठं बाहेरच्या वासानंच बायका मागं फिरतात. मोठ्या कापडदुकानात विचारलं तर देतात, हे खरं आहे. पण विचारायचं कुणी? समोर विशी-बाविशीचा पोरगा साडीचा पदर खांद्यावर टाकून दाखवतोय, त्याला अडुसष्ट वर्षांची बाई विचारणार, बाथरूम कुठं आहे म्हणून? बायको म्हणते, ती स्वतःसुद्धा एकदाच विचारू शकली, तेही बिल मोठं झालं होतं म्हणून. पुरुषांची अडचण होत नाही, कशी होत नाही ते आपल्याला माहीत आहे. म्हणून तर आपल्या कधी डोक्यातच येत नाही.

त्यानंतर पहिल्यांदा आईला हॉलमध्ये नेलं तेव्हा तिनं एकाही गाळ्याकडं बघितलं नाही. सुनेला घेऊन सरळ मागच्या कोपऱ्यात गेली. हात धुवायच्या नळांमागं दोन दारं, आतून कडी लागते, दिवा लागतो, बादली-मग आहे, आणि बाहेर स्टुलावर एक मावशी झाडू घेऊन बसलेली. आई परत आली, खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "पाणी आण आधी." दोन ग्लास प्यायली. मग गरम भाकरी, एण्णेगाई, वर ताक, आणि शेवटी चहा. कर्ण्याचा गोंगाट चालू होता, माझं टोकन अडकलं होतं, डोसा येईना. मी चिडलो होतो. ती मजेत होती, शेजारच्या टेबलावरच्या नंदगडच्या बाईशी सोयरीक काढत बसली होती.

आता गिरमिटाच्या चार मिनिटांचं वजन याच्यापुढं किती धरायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी माझं ठरवलं. तेव्हापासून घरातलं कुणीही बाईमाणूस बरोबर असलं की मी हॉलमध्ये जातो आणि टोकनवर चिडतो.

हे माझ्या घरापुरतं. दोघं-तिघं तरणी पोरं असाल, हात मोकळे असतील, पाऊस नसेल, तर हॉलमध्ये वेळ घालवू नका, गल्लीतच जा. एकट्यानं गेलो तर मीही जातो, अजूनही. आणि हॉलची सोय रोज सारखी असते असंही नाही. रविवारी रात्री साडेआठला गेलात तर तीही जागा बघवत नाही, स्टुलावरची मावशीही दमलेली असते. म्हणून सात वाजायच्या आत पोचा. पुढं मागं भाडं वाढून सगळे गाळे मोमोचे झाले, किंवा ते दोन दरवाजे कुणी सामान ठेवायला वापरायला लागलं, तर हे सगळं लिहिलेलं खोडून टाकायला मी मोकळा आहे.

लहानसहान दोन गोष्टी. कुंदा हॉलमध्ये घेऊ नका. तिथं तो प्लास्टिकच्या वाटीत, वर चेरी लावून, फ्रीजमधून येतो. खवा-साखर आटवून तांबूस दाणा धरलेला कुंदा मिठाईच्या दुकानातून वजनावर घ्यावा आणि घरी जाऊन खावा. लग्नघर आहे म्हणजे मांडेही लागतील, तेही दुकानात आधी सांगून. उलट्या तव्यावर पसरलेला, आत पिठीसाखर-तूप-खसखस भरलेला मांडा घडी घालून, खोक्यात नीट बांधून घ्या. पोळीसारखा पिशवीत कोंबाल तर गडहिंग्लजला चुराच पोचेल आणि मग मनातलेच मांडे खावे लागतील.

अकरा जणांचं टोकनचं कोडं मी असं सोडवतो: सगळ्यांनी वेगळं मागवायचंच नाही. दोन गाळे ठरवायचे, एक भाकरीचा, एक डोशाचा. एका माणसानं गाळ्यांपाशी उभं राहायचं, बसायचंच नाही. बाकीच्यांनी टेबलं जोडून बसायचं. उभा राहणारा माणूस मीच असतो. यजमान म्हटल्यावर गिळायचं.

भावाला परत फोन केला. म्हटलं, हॉल. साडेसहाला पोचा, मी जागा धरून ठेवतो. तो जरा हिरमुसला. गाडीवरच्या भजीवर त्याचा लहानपणापासून जीव, मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडं यायचा तेव्हा दुसरं काही मागायचा नाही.

"मग भजी नाहीच म्हण की दादा."

म्हटलं, आहे. मंडळी आत बसली की आपण दोघं गल्लीत जाऊन पुडी बांधून आणू, गाडीनं पाच मिनिटं. फक्त आत बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी आहे, तेव्हा पुडी बस्त्याच्या पिशवीतून न्यावी लागेल.

"शालूच्या पिशवीतनं?"

शालूच्या नको. आहेराच्या टॉवेल-टोप्यांची पिशवी वेगळी बांधून घे.